सूचना: ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनबाबत

सर्व पालक सभासदांस कळविण्यात येते की, हॅलोवीन या गेलेल्यांच्या स्मरणाशी जोडलेल्या पाश्चात्त्य सणानिमित्त ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी काही मुले वेश घेऊन घरोघरी खाऊ मागण्यास येणार असून, आपल्या मुलांना पाठवावे की नाही, हा निर्णय ज्या त्या कुटुंबाचा राहील. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरणाऱ्या खान्देशाला गेलेल्यांचे स्मरण परके नाही, म्हणून सरसकट मनाई नको, असे आम्हांस वाटते. मात्र डाकिणीचे सोंग कोणालाही घेऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण असल्याच्या आरोपावरून बायकांचा छळ झाला आहे, आणि एखादीला चेटूक करणारी ठरवून त्रास देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांना मुले येणे नको असेल, त्यांनी ओट्यावरचा दिवा बंद ठेवावा. तेथे कोणीही कडी वाजवू नये.