अध्यक्ष काका, सोलर भंगारात द्यायच्या आधी एकदा माझ्याबरोबर टेरेसवर चला

प्रति,
मा. अध्यक्ष, बी विंग
कोथरूड, पुणे

विषय : टेरेसवरचं पाणी तापवणारं सोलर काढून ज्याने त्याने गिझर बसवायचा ठराव

काका, नमस्कार.

नोटीस वाचली. ग्रुपवर लिहिणार होते पण तिथे फुलं आणि सुप्रभात सुरू झालं की मुद्दा कुठल्या कुठे जातो म्हणून सरळ पत्रच देतेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधीच सांगते, सोलरवर माझं काही प्रेम नाहीये. उलट सगळ्यात जास्त शिव्या मीच देते. तुम्ही सातव्या मजल्यावर, तुमच्याकडे नळ उघडला की चटका बसतो, आमच्याकडे पहिल्या मजल्यावर दोन बादल्या गार पाणी सोडल्यावर कुठे कोमट यायला लागतं, तोवर मुलीची बस गेलेली असते. ते गार पाणी मी कुंड्यांना घालते, फरशी पुसायला घेते, तरी उरतंच. म्हणजे "सोलर नीट चालत नाही" हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, "म्हणून काढा" हे नाही.

मी महिनाभर बादलीचा हिशोब मांडून बसले होते (आमचे हे म्हणाले तुला पीएचडी द्यायला पाहिजे). आंघोळीची एक बादली म्हणजे वीस लिटर, थंडीत नळाचं पाणी वीसेक डिग्रीचं धरू आणि आंघोळीला चाळीस पुरतं. तर विजेच्या एका युनिटमध्ये अशा दोन बादल्या होतात. जास्त होऊच शकत नाहीत, गिझर पाच स्टारचा घ्या नाहीतर दहा हजाराचा घ्या, स्टार मिळतात ते टाकीत पाणी किती वेळ गरम राहतं यावर, तापवायला लागणारी वीज तेवढीच. चौघांचं घर, माणशी दीड बादली, रोजची तीन युनिटं, महिन्याची नव्वद ते शंभर. आणि ही शंभर युनिटं बिलात पहिली शंभर म्हणून येत नाहीत ना काका, पहिली शंभर फ्रिज, पंखे, टीव्हीत आधीच गेलेली असतात, त्यामुळे आंघोळ सरळ पुढच्या स्लॅबमध्ये, जिथे दर जवळजवळ दुप्पट आहे. माझ्या बिलावरून बादलीला पाच-सहा रुपये पडतात.

आता गॅस. एका सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस, त्यात नीट गिझर असेल तर तीनशेच्या आसपास बादल्या निघतात, म्हणजे बादली तीन रुपयांच्या आसपास. पाइप गॅसही साधारण तेवढ्यालाच पडतो. नुसता पैसा बघितला तर गॅसने विजेला सरळ हरवलंय आणि म्हणूनच सी विंगमध्ये चार-पाच जणांनी गॅस गिझर लावलेत. पण मी तो परत घरात आणणार नाही. इथे यायच्या आधी आम्ही भाड्याने राहायचो तिथे बाथरूममध्येच गॅस गिझर होता, खिडकी एवढीशी आणि थंडी म्हणून ती पण बंद. एके दिवशी मुलगी आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना, दार वाजवलं तर कशीबशी कडी काढली आणि तिथेच खाली बसली, डोकं गरगरतंय म्हणाली. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, खोकला सुद्धा येत नाही. ज्यांनी लावलेत त्यांना कमिटीने एवढं तरी लेखी सांगा की गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत हवा. ठरावापेक्षा हे जास्त अर्जंट आहे खरं तर.

आता आपल्या टेरेसबद्दल. तुम्ही नोटिशीत लिहिलंय की सोलरमुळे कॉमन लाइट बिल वाढलं. मलाही ते खरंच वाटलं होतं, पण गेल्या महिन्यात मी प्लंबरबरोबर वर गेले होते. टाकीत पावसाळ्यासाठी बॅकअपची, विजेवर पाणी तापवणारी सहा किलोवॅटची कॉइल आहे, ती फक्त पहाटे चारला लागून सहाला बंद व्हायची, त्याच्यासाठी टायमर होता. टायमर मेलाय. कोणीतरी वायर डायरेक्ट जोडून ठेवलीय. म्हणजे कॉइल दिवसरात्र चालू, पाणी जरा निवलं की परत तापवते, आणि ऊन वर यायच्या आधीच टाकी गरम, मग सोलरला काम काय उरलं? आपण सोलरच्या नावाने बारा महिने गिझरच चालवतोय आणि त्याचं बिल सोलरच्या नावावर खपवतोय.

दुसरं म्हणजे ट्यूब, उन्हाने पाणी तापवणाऱ्या त्या काचेच्या नळ्या. आपण बोअरचं आणि टँकरचं पाणी वर चढवायला लागलो तेव्हापासून क्षाराने पार वाट लावलीय, एक ट्यूब काढून दाखवली प्लंबरने, आतून किटलीसारखी पांढरी. बादली घासतो तसं ते पण साफ करावं लागतं हे आपल्याला माहितीच नव्हतं. डिस्केलिंग म्हणजे क्षार काढून फुटक्या सात-आठ ट्यूब बदलायच्या आणि वरच्या पाण्याला आपल्या कॉर्पोरेशनच्या लाइनवरून वेगळं कनेक्शन द्यायचं, एवढंच काम आहे. माझ्या मजल्याच्या गार पाण्यासाठी त्याने रिटर्न लाइन सुचवलीय, छोटा पंप पहाटे दहा मिनिटं पाणी फिरवतो की खालपर्यंत पाइप गरम. ते आत्ता नाही झालं तरी चालेल, आम्हाला सवय आहे.

ज्या वेंडरने टेरेसवर वीज बनवणाऱ्या पॅनेलचं कोटेशन दिलंय त्याला माझा विरोध नाही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, ती घेऊच या. पण कोटेशन नीट वाचा, ते कॉमन मीटरसाठी आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. आमच्या घरातल्या गिझरला त्यातलं एक युनिटही येणार नाही. "वरती फुकट वीज, मग खाली गिझर लावा" असं मागच्या मीटिंगला कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, पण ती वीज दुपारी होते आणि आंघोळ सकाळी सहाला, शिवाय मीटरच वेगळा. आणि जागेचंही बघा, पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा पॅनेल विजेत बदलतं, पाणी तापवणारं सोलर त्याच उन्हातून दुपटीने उष्णता घेतं. पॅनेल लिफ्टरूमवर आणि ए विंगकडच्या मोकळ्या भागात बसतील, त्यासाठी हे उखडायची गरज नाही.

अठ्ठावीस फ्लॅट, प्रत्येकी दोन किलोवॅटचा गिझर, सकाळी साडेसहा ते साडेसात. सगळे एकदम लागत नाहीत, पण निम्मे जरी लागले तरी अठ्ठावीस किलोवॅट, आणि आपली मेन केबल बिल्डिंग बांधली तेव्हाची. गेल्या उन्हाळ्यात चार एसी वाढले तर फ्यूज उडत होता, आठवतंय ना?

राहता राहिला हीट पंप, ज्याला तुम्ही "नवीन फॅड" म्हणालात. फ्रिजच्या मागे हात लावला तर गरम लागतं ना, तेच मशीन उलटं वापरायचं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडायची. एका युनिटमध्ये दोनच्या जागी सहा बादल्या. पुण्याची थंडी त्याला काहीच नाही, माझी बहीण जर्मनीत आहे तिथे उणे तापमानात लोक त्याच्यावर अख्खं घर गरम करतात. कॉमन मीटरचा दर आपल्यापेक्षा चढा पडतो हे धरूनही बादली गॅसच्या जवळपास बसते. पण महाग आहे, आवाज करतो, आणि आपल्याकडे टायमर सांभाळला जात नाही तिथे हा कोण सांभाळणार, त्यामुळे यंदा नको. कॉइल कायमची गेली की तिच्या जागी बघू. प्रामाणिकपणे सांगते, पॅनेल आणि हीट पंप ही जोडी उद्या सोलरलाही भारी पडू शकते, पण हातातलं चालू करायला ट्यूब आणि टायमरचा खर्च आहे, त्या जोडीला लाखांत पैसे लागतील आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या सिंकिंग फंडाची अवस्था तुम्हालाच ठाऊक.

मला कधीकधी हसू येतं. तिकडे चंद्रपूरला कोळसा जाळायचा, त्यातली दोन तृतीयांश उष्णता तिथेच कूलिंग टॉवरवाटे आणि धुराड्यातून घालवायची, उरलेल्याची वीज करून अख्खा महाराष्ट्र ओलांडून कोथरूडला आणायची, आणि इथे तिच्यावर परत पाणीच तापवायचं. त्यापेक्षा आजीचा तांब्याचा बंब बरा, असं म्हणणार होते पण तो पेटवताना तिचे डोळे कसे व्हायचे ते आठवलं.

आणखी एक, मिळकतकरात आपल्याला सोलर आणि पावसाच्या पाण्याच्या प्रकल्पावर मिळून १० टक्के सवलत आहे. एकच चालू असेल तर ५. सोलर काढून पॅनेल लावले तर सवलत राहते का हे महापालिकेतून आधी लेखी आणा, तोंडी नको.

तर माझं म्हणणं एवढंच की रविवारच्या सभेत काढायचा ठराव घेऊ नका. आधी टायमर बदला, तो किरकोळ खर्च आहे, नाहीतर मीच आणते. मग दोन महिने कॉमन बिल बघा.

शनिवारी सकाळी आठला तोच प्लंबर येतोय. तुम्ही आणि सेक्रेटरी दोघेही या, चहा माझ्याकडे. टेरेसची किल्ली मागच्या वेळी अर्धा तास सापडत नव्हती, तेवढी शुक्रवारीच वॉचमनकडे ठेवायला सांगा.

आपली,
बी-१०२