तांदळातला पांढरा खडा

पुणे

प्रिय माऊ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, मॅमोग्राफी नॉर्मल आली, फक्त टिश्यू डेन्स आहेत म्हणे." आणि लगेच लेकीच्या स्विमिंगचं सांगायला लागलीस. मला मात्र ते "फक्त" रात्रभर टोचत राहिलं.

तांदूळ निवडताना काळा खडा चटकन दिसतो, पांढरा दाताखाली आल्यावरच कळतो. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. त्यात चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथी आणि तंतूंचा भाग पांढरा. गाठही पांढरीच. तुझ्याकडे तो पांढरा भाग जास्त आहे, एवढाच "डेन्स"चा अर्थ. हाताला ते कळत नाही. चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांचं असंच असतं, म्हणून घाबरू नकोस. पण अशा स्तनांत गाठ लपते आणि कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो.

माझ्या ४७व्या वर्षीच्या रिपोर्टमध्येही हीच ओळ होती. कुणी समजावली नाही, मीही विचारली नाही. आठ महिन्यांनी अंघोळ करताना काखेजवळ गाठ लागली. सोनोग्राफीत ती लगेच दिसली. तुझी बारावी होती. "आईचं छोटंसं ऑपरेशन आहे," एवढंच तुला सांगितलं होतं आम्ही. केमोचं तुला परीक्षा झाल्यावर कळलं, आणि तू किती रागावली होतीस!

तिकडे अमेरिकेत, तुमच्या शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या नॅन्सी कॅपेलो दरवर्षी मॅमोग्राफी करत. २००४ मध्ये रिपोर्ट नॉर्मल आला आणि काही आठवड्यांतच कॅन्सर सापडला, तोही लसीकाग्रंथींपर्यंत, म्हणजे स्तनाबाहेर पोचलेला. आपले टिश्यू डेन्स आहेत हे आधी का सांगितलं नाही, म्हणून त्या भांडल्या. २००९ मध्ये त्यांच्या राज्यात कायदा झाला, आणि १० सप्टेंबर २०२४ पासून अख्ख्या अमेरिकेतल्या सगळ्याच मॅमोग्राफी केंद्रांना हे बाईला लेखी कळवावं लागतं. तुझ्या हातात आलेला कागद असा आलाय गं. तो वाच.

तुझे टिश्यू ए ते डी यांतल्या कोणत्या अक्षराचे, ते विचारून घे. सी आणि डी म्हणजे डेन्स. मग सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा का, ते विचार. नेदरलँड्समध्ये अतिशय डेन्स स्तन असलेल्या चाळीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कॅन्सर फक्त मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५ होते, एमआरआयची सोय दिलेल्या गटात २.५. मात्र एमआरआयमध्ये निरुपद्रवी गाठीही दिसतात, मग बायोप्सी, मग जिवाला घोर. आणि सरसकट सगळ्या डेन्सवाल्यांना जादा तपासणी लावावी इतका पुरावा अजून नाही, असं अमेरिकेतल्याच तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये म्हटलंय. म्हणून निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घे.

पण तू सरसकटातली नाहीस, माऊ. तुझ्या आईला पाळी सुरू असतानाच कॅन्सर झाला होता. तिथल्या फॉर्मवर हे लिहिलंस का? काल विचारायचं राहिलं. लिहिलं नसशील तर उद्याच फोन कर, आणि जनुकीय तपासणीचंही विचार.

माझ्या बायोप्सीच्या रिपोर्टचे फोटो बाबा आज व्हॉट्सॲपवर पाठवतील. अपॉइंटमेंटची तारीख कळव. रात्र असली तरी मी जागी असेन.

तुझी,
आई