इंदू फिल्म गेली, निदान निगेटिव्ह तरी वाचवा

माननीय संपादक, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात कॉलेजातला एक मुलगा आजोबांचा क्लिक थ्री कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. "काका, ह्यात घालूक रोल गावतलो?" मालवणात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण त्याच्या हातावर ठेवायला एक रोल माझ्याकडे नव्हता. कपाटातला इंदूचा रिकामा खोका तेवढा दाखवला. हे नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मला फार लागलं ते, म्हणून हे पत्र.

इंदू ही आपल्या देशाची फिल्म. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० सालची, तिचा कारखाना उटीला. फिल्मला धुळीचा कणही चालत नाही, म्हणून निलगिरीची थंड, स्वच्छ हवा. दवाखान्यांना लागणारी एक्स-रे फिल्मही तिथेच व्हायची. पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळेचे वर्गफोटो, दशावताराचे खेळ, सगळं मी इंदूच्या कृष्णधवल रोलवर केलं. मे महिन्यात नळाचं पाणी इतकं तापायचं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुटायला लागे. मग बंदरावरून मासळीचा बर्फ आणायचो, घमेल्यात टाकायचो आणि त्यात डेव्हलपरची टाकी बसवून २० अंशांची वाट बघायचो. डार्करूमला मासळीचा वास यायचा, पण निगेटिव्ह स्वच्छ उतरायची.

मोबाइलनं फिल्म संपवली असं सगळे म्हणतात. इंदूचं तसं नाही. १९९०च्या दशकातच कंपनी आजारी ठरली होती, तेव्हा आमच्याकडे डिजिटल कॅमेरा कुणी पाहिलाही नव्हता. गिऱ्हाईक रंगीत फोटो मागू लागलं, बाहेरचा माल सहज मिळू लागला, आणि कारखान्याचा जीव मात्र कृष्णधवलमध्येच अडकलेला. २०१४ मध्ये केंद्र सरकारनं कामगारांना स्वेच्छानिवृत्ती मंजूर केली. कोडॅकसुद्धा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, तीही १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा स्वतःच्याच प्रयोगशाळेत बनवून, हे मला ठाऊक आहे. पण फुजी तरली ना? फिल्मची तीच विद्या तिनं औषधांकडे, सौंदर्यप्रसाधनांकडे, टीव्हीच्या पडद्यांवरच्या पातळ थरांकडे वळवली. चांदीचे क्षार आणि जिलेटिन काळोखात एकसारखे पसरवणारे हात उटीलाही होते. त्यांना वेळेत दुसरं काम द्यायचं कुणाला सुचलं नाही, याचा मला आजही राग येतो.

कारखाना काही परत येणार नाही. पण त्या फिल्मवर जे उतरलंय ते अजून आपल्या हातात आहे. माझ्याकडे निगेटिव्हच्या दोन ट्रंका आहेत. बाजारातल्या फोटोग्राफरांपैकी दोघांच्या घरच्यांनी त्यांच्या पश्चात सगळं भंगारात दिलं. इथल्या दमट हवेत बुरशी धरते. भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या ठेवूनही परवा एक पाकीट उघडलं तर तीन निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या. त्यातली एक रापणीची. किनाऱ्यावर दोर ओढणारे तीसेक जण, पुढच्याच्या पाठीवरचा घाम दिसतो इतकी साफ होती. आता अर्ध्या माणसांच्या जागी बुरशीचं जाळं आहे. त्यातले बहुतेक आज हयात नाहीत, आणि त्यांच्या घरात त्यांचा दुसरा फोटो नसेल.

जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयानं किंवा महाविद्यालयानं एक कोरडी खोली आणि एक स्कॅनर एवढी सोय करावी. कुठल्या पाकिटात कोण, कुठलं गाव, कुठलं साल, हे मी शेजारी बसून सांगेन; एक पैसा नको. फक्त मिरग लागण्याआधी कुणीतरी येऊन ट्रंका न्याव्यात.

– एक जुना फोटोग्राफर, मालवण