कोथरूडच्या फ्लॅटच्या किमतीबद्दल लेकीस पत्र

सातारा

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तो फ्लॅट पाहून परतताना तू रिक्षात मला विचारलेस की एक कोटी पंधरा लाख जास्त होतात का, आणि मी "कागद बघून सांगते" एवढेच म्हणाले. बँकेच्या गृहकर्ज विभागात मी बावीस वर्षे काढली, या काळात लोकांची शेकडो खरेदीखते माझ्या टेबलावरून गेली. तरी आपल्याच लेकीच्या घराबद्दल केवळ अंदाजाने बोलण्याचा धीर मला झाला नाही. गेले चार दिवस आपण घेतलेली मापे, तू पाठवलेल्या करारनाम्याची प्रत आणि नोंदणीचे उतारे समोर ठेवून बसले होते. आता जे सांगते आहे ते पूर्ण विचाराने सांगते आहे.

विक्रेता जी रक्कम सांगतो ती त्याची अपेक्षा असते, भाव नव्हे. त्याच गल्लीत, तशाच घरासाठी कोणीतरी खरोखर मोजून दिलेली आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेली रक्कम, तिला मी भाव म्हणते. एजंटने आपल्याला दाखवलेल्या पाचही जाहिरातींत एक कोटी दहा ते एक कोटी वीस लाख असे आकडे होते आणि त्यावरून "मार्केटच एवढे आहे" असे तो म्हणाला; परंतु ती पाचही घरे अजून विकली गेलेली नाहीत, म्हणूनच तर त्यांच्या जाहिराती आहेत. पाच जणांची अपेक्षा सारखी आहे, एवढेच त्यावरून कळते.

आधी क्षेत्रफळाचे बघ, कारण तिथे चुकलो की पुढचे सगळेच गणित चुकते. जाहिरातीत ८५० चौरस फूट लिहिले आहे. मूळ करारनाम्यात ६८.३० चौरस मीटर बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचे क्षेत्र आहे, म्हणजे (एका चौरस मीटरला १०.७६४ चौरस फूट या हिशेबाने) ७३५ फूट. आणि आपण दोघींनी टेप लावून मोजले तेव्हा भिंतींच्या आतले क्षेत्र ६४२ भरले. त्यातही हॉलच्या खिडकीजवळच्या फरशीकडे तुझे लक्ष गेले होते का? तिथे पांढरट फरशी संपून किंचित पिवळसर फरशी सुरू होते आणि पायाला जेमतेम बोटभर उतार जाणवतो. ती मूळची बाल्कनी आहे, नंतर बंद करून हॉलमध्ये घेतलेली. ती ५४ फूट वजा केली की उरतात ५८८. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी केलेल्या रेरा कायद्यातल्या कार्पेटच्या, म्हणजे आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्राच्या व्याख्येतही बाल्कनी धरलेली नाही, आतल्या भिंती मात्र धरलेल्या आहेत, आणि आपणही त्याच पद्धतीने मोजले आहे. इमारत १९९६ सालची असल्यामुळे तिच्या करारनाम्यात कार्पेटचा आकडा मुळातच नाही. म्हणून टेपला पर्याय नव्हता.

आता तीच एक कोटी पंधरा लाखांची रक्कम ८५० ने भागलीस तर फुटाला १३,५२९ रुपये पडतात आणि स्वस्त वाटते; ५८८ ने भागलीस तर १९,५५८ रुपये पडतात. घर तेच आणि रक्कमही तीच. १९९३ मध्ये आपले साताऱ्याचे घर घेताना बाबांनी आणि मी बांधणाऱ्याने सांगितलेल्या फुटांवर विश्वास ठेवून पैसे दिले होते. पुढे फरशी बदलायची ठरली तेव्हा त्याच आकड्याप्रमाणे माल मागवला, आणि काम पूर्ण झाल्यावर फरशीची सात खोकी जिन्याखाली तशीच उरली. ज्या जागेचे पैसे आम्ही पाच वर्षे हप्त्यांनी फेडले ती जागा घरात नव्हतीच, हे त्या खोक्यांकडे बघून मला कळले. तुझ्याबाबतीत हे होऊ नये म्हणून रविवारी मी त्या विक्रेत्या गृहस्थांसमोर संकोच न करता टेप काढला.

नोंदलेले व्यवहार शोधायला मला दोन दुपारी लागल्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घातला की सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती पाहता येते. तिच्यात "मोबदला" आणि "बाजारभाव" अशा दोन वेगळ्या रकमा असतात. पहिली म्हणजे खरेदीदाराने दिलेले पैसे, दुसरी म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे निघालेली रक्कम, जिच्या खाली मुद्रांक शुल्क आकारले जात नाही. हे दोन आकडे एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचायची सवय लाव. मोबदला जर बाजारभावाला अगदी चिकटून असेल तर उरलेली रक्कम कागदाबाहेर गेली असण्याची शक्यता असते, किंवा तो व्यवहार परक्यांमधला नसतो. असा आकडा तुलनेला घेऊ नये.

मला कामाच्या तीन नोंदी मिळाल्या. एकीत ७२ लाख मोबदला होता आणि ती पाहून क्षणभर मी हुरळले, पण देणार आणि घेणार दोघांचे आडनाव एकच निघाले, तेव्हा ती बाजूला ठेवली. दुसरी याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची, आपल्यासारख्याच रचनेची: गेल्या नोव्हेंबरात साडेसत्त्याण्णव लाखांना गेली, म्हणजे कार्पेटच्या फुटाला १६,५८२ रुपये. तिसरी शेजारच्या इमारतीतली, ६४० फूट कार्पेट, एक कोटी चार लाख, म्हणजे फुटाला १६,२५०. या दोन्हींत मोबदला बाजारभावापेक्षा बराच वर आहे आणि दोन्ही व्यवहार परक्या माणसांमधले आहेत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. ५८८ फुटांना हे दर लावले की साडेपंच्याण्णव ते साडेसत्त्याण्णव लाख येतात. मागितलेल्या रकमेत आणि यात साडेसतरा ते साडेएकोणीस लाखांचे अंतर आहे, आणि या अंतराचे कारण विक्रेत्याने आपल्याला पटवून दिले पाहिजे.

त्याने दिलेली कारणे मी एकेक करून तपासली. स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटे चांगली आहेत, परंतु ती आठ वर्षांपूर्वीची आहेत. त्यासाठी दीड लाख जास्त धरायला माझी हरकत नाही. मेट्रोमुळे भाव वाढणार असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि रामवाडीपर्यंतची पूर्ण मार्गिका ६ मार्च २०२४ पासून धावते आहे. आनंदनगर स्थानक घरापासून आठ मिनिटांवर आहे हे नोव्हेंबरातल्या खरेदीदारालाही ठाऊक होते, त्याने दिलेल्या साडेसत्त्याण्णव लाखांत मेट्रो आलेलीच आहे. तिच्यासाठी आपण दुसऱ्यांदा पैसे का द्यावेत? पार्किंगचे पाच लाख त्याने वेगळे धरले आहेत, तेही मला मान्य नाही. इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅटही पार्किंगसकटच गेलेला आहे. समोरच्या नव्या टॉवरचा दर तो दाखवतो, त्याची तर तुलनाच होत नाही. तीस वर्षांच्या भिंती आणि कोऱ्या भिंती एका दराने विकल्या जात नाहीत.

राहिला पुनर्विकास, आणि इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझे मन खरे तर तिथेच गुंतले आहे हे मला दिसले. ही इमारत सोसायटी नाही. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचे कॉन्डोमिनियम आहे, आणि पुण्यात अशी पुष्कळ आहेत. यात प्रत्येक फ्लॅटधारकाचा जमिनीतला अविभक्त हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांनी लिहिलेला असतो. इथे प्लॉट ११५० चौरस मीटरचा, फ्लॅट सोळा, आणि आपल्या फ्लॅटचा हिस्सा ६.२५ टक्के, म्हणजे सुमारे ७१.८८ चौरस मीटर किंवा ७७४ चौरस फूट जमीन. जुन्या इमारतीत आपण द्यायचे पैसे मुख्यतः या जमिनीचे असतात. बांधकामाचा तर दरवर्षी घसारा होतो आणि रेडी रेकनरच्या मूल्यांकनातही जुन्या इमारतीला तो वजा मिळतो. त्यामुळे जमिनीच्या हिश्श्याला मोल आहे, हे मी नाकारत नाही. पण तो हिस्सा आजच्या विक्रेत्याच्या नावावर नीट आला आहे का? १९९६ च्या मूळ खरेदीदाराने करारनामा नोंदवला, तो आपल्याकडे आहे. परंतु त्याच्या नावचे अपार्टमेंटचे खत, म्हणजे डीड ऑफ अपार्टमेंट, तू पाठवलेल्या कागदांत मला सापडले नाही. ते झालेले नसेल तर आधी ते करून घ्यावे लागेल, आणि त्याचा खर्च व त्रास विक्रेत्याचा.

आणि पुनर्विकास होणारच असे जो सांगतो, त्याच्याकडे सभेच्या इतिवृत्ताची प्रत माग. ठराव झाला आहे का, विकसकाशी करार नोंदला गेला आहे का, कोणी सभासद न्यायालयात गेला आहे का? नुसती चर्चा चालू असेल तर त्या चर्चेची किंमत मी शून्य धरते. माझ्या नोकरीत मी अशी कुटुंबे पाहिली आहेत की ज्यांनी पुनर्विकासाच्या भरवशावर दहा-दहा लाख जास्त मोजले आणि नंतर कित्येक वर्षे गळक्या छताखाली हप्ते भरले. त्यांचे चेहरे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून एवढे कळकळीने लिहिते.

भाड्याकडूनही एकदा ताळा करून पाहिला. त्याच इमारतीत असा फ्लॅट महिना २८,००० रुपयांनी जातो, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. देखभाल खर्च आणि मिळकतकर मिळून ४८,००० वजा केले की २,८८,००० राहतात. एक कोटी पंधरा लाखांवर हे अडीच टक्के होतात, सत्त्याण्णव लाखांवर जेमतेम तीन. शहरातले घर भाड्याच्या उत्पन्नासाठी कोणी घेत नाही हे मला मान्य आहे, आणि तूही राहण्यासाठीच घेते आहेस. तरी आठ टक्क्यांच्या आसपास व्याज भरून अडीच टक्क्यांची वस्तू घेताना उरलेला भार भाववाढीच्या आशेवर टाकलेला असतो, हे स्वतःशी कबूल करून मग घ्यावे.

"कर्ज मंजूर होतेय म्हणजे किंमत बरोबर आहे" असे एजंट म्हणाला तेव्हा मी गप्प बसले, पण ते खरे नाही. बँकेचा मूल्यांकनकार येतो तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही हे बघायला. तू दिलेली किंमत वाजवी आहे का, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. करारातली रक्कम आणि मूल्यांकन यांतली जी कमी, तिच्यावर कर्ज निघते, आणि पंचाहत्तर लाखांच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त देता येत नाही. म्हणजे वाढवून सांगितलेली रक्कम बँक झाकून घेत नाही, ती शेवटी तुझ्याच ठेवींतून जाते. आणि ती कर्जातून गेली तरी काय? जास्तीचे पंधरा लाख वीस वर्षांसाठी आठ टक्क्यांनी घेतलेस तर महिन्याला साडेबारा हजार, आणि अखेरीस तीस लाखांच्या वर.

वरखर्चाचे थोडक्यात सांगते. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून सात टक्के आहे, आणि खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर सहा. जावईबापूंचे नाव घातले तर ही सवलत जाते, हे दोघांनी बसून ठरवा. नोंदणी फी तीस हजार. जुन्या घराला जीएसटी नाही. रक्कम पन्नास लाखांच्या वर असल्यामुळे विक्रेत्याला देताना एक टक्का टीडीएस कापून तू भरायचा आहेस.

माझे मत असे की एक कोटीच्या वर जाऊ नये. बोलणी शहाण्णवपासून सुरू कर आणि दुसऱ्या मजल्याच्या इंडेक्स टूची छापील प्रत समोर ठेव. आवाज चढवायची गरज पडणार नाही. माणूस मला सज्जन वाटला, मुलाकडे परदेशी जायची घाईही त्याला आहे, पण त्या घाईचा उल्लेख आपण करायचा नाही. तोवर टोकनचा एक रुपयाही देऊ नकोस, तो कितीही म्हणाला की दुसरे गिऱ्हाईक आहे तरी.

एक गोष्ट मात्र अजून बघायची राहिली आहे. आतल्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर कपाटामागे मला हाताला गारवा लागला आणि रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसला. तो नुसता पावसाळी ओलावा आहे की वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती, हे कळल्याशिवाय मी एक कोटी हा आकडाही पक्का धरत नाही. इमारतीचा संरचनात्मक तपासणीचा अहवाल सेक्रेटरींकडे असेल तर तो शुक्रवारपर्यंत मागून ठेव. मी शनिवारी पहाटेच्या एसटीने निघते. दहाच्या आत उजेडात ते कपाट सरकवून भिंत बघू, आणि मग वरच्या मजल्यावरच्या बाईंना भेटू.

तुझी,
आई