टर्मची मर्यादा झेडपी-महापालिकेपासून सुरू करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमदार-खासदारांना दोनच टर्म मिळाव्यात, ही मागणी अधूनमधून पुढे येते आणि 'घटनादुरुस्ती लागेल' म्हणून बाजूला पडते. मुळात घटना काय म्हणते ते पाहायला हवे. आमदारांच्या अपात्रतेची कारणे अनुच्छेद 191 मध्ये आहेत आणि त्यात आणखी कारणे कायद्याने घालण्याची मुभा संसदेला आहे. म्हणजे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करण्याचा मार्ग खुला आहे. राज्याला मात्र आमदारांसाठी अशी अट घालता येत नाही. स्थानिक संस्थांचे तसे नाही. ग्रामपंचायत ते झेडपीसाठी अनुच्छेद 243 एफ आणि नगरपालिका-महापालिकांसाठी 243 व्ही हा अधिकार थेट विधिमंडळाला देतात. महाराष्ट्राने तो वापरलाही आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना या निवडणुका लढवता येत नाहीत. हरियाणाची अशीच अट 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. मग दोन टर्मची अट घालायला दिल्लीची वाट का पाहायची?

पण 'दोन टर्म झाल्या की थांबा' एवढेच कलम लिहून भागणार नाही. पुढे काय होते, हे आरक्षणाच्या सोडतीने आपल्याला आधीच दाखवले आहे. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला की कारभाऱ्यांची, म्हणजे आधीच्या नगरसेवकाची पत्नी, आई किंवा सून उभी राहते आणि नळाला पाणी आले नाही तर फोन मात्र पूर्वीच्याच नंबरवर करावा लागतो. फिलिपिन्सच्या 1987 च्या घटनेत लोकप्रतिनिधींना सलग तीनच टर्मची मर्यादा आहे. तिथे मधली एक टर्म पत्नी किंवा मुलगा सांभाळतो आणि मूळ माणूस पुन्हा परततो. घोटाळा 'सलग' या शब्दात आहे. आपल्या कायद्यात 'एकूण' हाच शब्द हवा आणि टर्म जागेच्या नव्हे, माणसाच्या नावावर मोजल्या पाहिजेत. नाहीतर प्रभाग बदलला की पाटी कोरी. नातेवाइकांवर कायमची बंदी कोर्टात टिकणे अवघड वाटते. पण मर्यादा संपलेल्याच्या पती-पत्नीला किंवा मुला-सुनेला त्याच जागेवरून लगेचच्या निवडणुकीत उभे राहता येणार नाही, एवढी अट माफक आहे.

सहकारी बँकांत ही मर्यादा आलेलीच आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने संचालकांना सलग 8 वर्षांची मर्यादा लागू झाली, ती 2025 मध्ये 10 वर्षे केली. तिथेही 'सलग' आहेच, शिवाय अध्यक्ष तिच्यातून वगळलेले! ज्या जिल्ह्यात बँक, दूध संघ आणि कारखान्यातून आमदारकीच्या जोडण्या लागतात, तिथे ही सूट किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको.

निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्क ही याच मागणीची दुसरी बाजू. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव केला की ग्रामसभेत गुप्त मतदान होते. चांगली तरतूद आहे, पण सुरुवात सदस्यांच्या हातात. गट सांभाळला की ठराव ग्रामसभेपर्यंत पोहोचतच नाही. हरियाणाने 2020 मध्ये ठरावीक टक्के मतदारांच्या लेखी मागणीवर ही प्रक्रिया सुरू करण्याची सोय केली. आपल्याकडे ती आणायची तर सह्यांची पडताळणी आधी पक्की करावी लागेल. प्रत्येक सहीपुढे मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, कोणत्या तारखेची यादी धरायची ते कायद्यातच नमूद, तहसीलदारांकडून 30 दिवसांत तपासणी आणि मग नेहमीच्या मतदान केंद्रांवर गुप्त मतदान. हे नसेल तर एकाच हाताने केलेल्या सह्यांचे गठ्ठे जमा होतील आणि पहिल्याच तक्रारीवर प्रक्रिया अडकेल.

महापालिकेत तर परत बोलावायचे कुणाला, हाच प्रश्न आहे. 2015 मध्ये कोल्हापुरात 81 प्रभाग आणि 81 नगरसेवक होते. गटार तुंबले की कुणाच्या दारात जायचे हे ठाऊक होते. आता 20 प्रभाग आहेत; एकात पाच, बाकी सगळ्यांत चार नगरसेवक. चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. एक सदस्य, एक प्रभाग ही पद्धत परत आल्याशिवाय महापालिकेत परत बोलावण्याचा हक्क कागदावरच राहील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि निवडणूकच वेळेवर होणार नसेल तर हे सगळे कशावर उभे करायचे? अनुच्छेद 243 यू सांगतो की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे प्रशासक होते. मतदाराच्या हातातली एक अख्खी टर्म गेली आणि त्याबद्दल कुणालाही जाब द्यावा लागला नाही.

जिल्ह्यातील आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून या दुरुस्तीचे अशासकीय विधेयक मांडावे. त्यात आधीच झालेल्या टर्म मोजायच्या का, यावर वाद होईल. अपत्यांच्या अटीत जशी पुढची तारीख ठरवून दिली होती, तशी इथेही द्यावी. मात्र ज्यांच्या दोन किंवा अधिक टर्म झाल्या आहेत, त्यांना त्या तारखेनंतर एकच संधी असावी.

आपले,
शिवाजी पेठेतील काही मतदार, कोल्हापूर