बाळंतविड्याच्या निमित्तानं, आमच्या आशाताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

बाळाला सहावा महिना लागला. आता थोड्याच दिवसांत भाताची पेज, मऊ वरण सुरू होईल. तुम्ही आमच्या वस्तीच्या आशा कार्यकर्ती, घरोघरी जाऊन आई-बाळाची काळजी घेणाऱ्या. तुम्हाला पत्र लिहायचं कधीपासून मनात होतं. समोर बोलायला गेलं की "माझं कामच आहे ते" म्हणत तुम्ही वजनकाटा पिशवीत टाकता आणि पुढच्या घराकडे निघता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्या घरात आत्ता सातवा-आठवा महिना चालू असेल, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडावं.

डोहाळजेवण उरकून मी निफाड तालुक्यात माहेरी आले, तेव्हा फोनमध्ये खरेदीची लांबलचक यादी घेऊन आले होते. बाटल्या उकळायचं यंत्र, ओल्या रुमालांचे डबे, पावडर, लोशन, पाळण्याच्या कडेनं लावायच्या गाद्या, बाहुल्यांचं गरगरणारं छत. दुसरीकडे आजीचं ठाम म्हणणं, मूल हातात येईपर्यंत नवं काही घरात आणायचं नाही. आई दोघींच्या मध्ये अडकलेली. त्या दिवशी तुम्ही माता-बाल संरक्षण कार्ड बघायला आलात आणि दोघींचंही शांतपणे ऐकून घेतलंत. मग आजीजवळ बसून म्हणालात, "आजी, नवं नकोच. तुमची जुनी सुती लुगडी असतील ना पेटीत?"

आजीनं त्याच संध्याकाळी पेटी उघडली. नव्या कापडाला खळ असते आणि बाळाची कातडी पातळ, त्यामुळे वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापडच त्याला बरं, हे तुम्ही सांगितलंत आणि दुपट्यांचं सगळं खातं आजीकडे सोपवलंत. त्या लुगड्यांतून दुपटी झाली, लंगोट झाले, एक चौघडीही झाली. बाळाच्या तयारीत आजीचा हात लागला आणि घरातला ताणही सैल झाला. पुढे गुटी आणि काजळाच्या वेळी तिनं तुमचं ऐकलं, ते याच विश्वासापोटी, असं मला वाटतं.

माझ्या यादीतल्या बहुतेक ओळींवर तुम्ही काट मारली नाहीत. एवढंच विचारलंत, "हे बाळाला ऊब देतं का? दुधाला मदत करतं का? स्वच्छता राखतं का?" जे या तिन्हींत बसलं नाही, ते मीच खोडत गेले.

ऊब हा शब्द तुमच्या तोंडी सारखा असायचा आणि निफाडच्या डिसेंबरात तो किती खरा आहे ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पारा उतरला की द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. अशा थंडीत जन्मलेल्या बाळाला स्वतःची ऊब राखता येत नाही. अंग ओलं असतं, चरबी कमी असते आणि शरीराच्या मानानं डोकं मोठं असल्यामुळे तिथूनही बरीच ऊब निघून जाते. म्हणून आधी टोपडी शिवा, मग झबली, असं तुम्ही म्हणालात. सहा-सात पुढून बांधायची झबली, तीन-चार टोपडी, हातापायांचे मोजे, पंचवीसेक लंगोट, आठ-दहा दुपटी, एक हलकं ब्लँकेट आणि मेणकापडाचे दोन तुकडे. बंद आखूड ठेवायचे आणि गळ्याशी नाडी नको. सगळं गरम पाण्यात धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि एका स्वच्छ धुतलेल्या चादरीत बांधून ठेवायचं. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, हा हिशेब मी अजून वापरते.

शेगडीचं तुम्ही सांगितलंत ते तर मी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सांगत सुटले आहे. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची, वर वेखंडाची नाहीतर ओव्याची धुरी द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. बंद खोलीतला कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. तुम्ही आईला पर्याय दिलात. वाऱ्याच्या झोतातली खाट हलवा, रात्री पडदा ओढा आणि बाळाला आईच्या कुशीत ठेवा.

नवी वस्तू तुम्ही एकच मनापासून घ्यायला लावलीत, औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल थर्मामीटर. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. त्याच्या खाली गेलं तरी काळजी, वर गेलं तरी काळजी. थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हा बाळाचं पोट आणि तळपाय चाचपायचे. दोन्ही उबदार असतील तर ठीक, पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, दोन्ही गार लागले तर आधी छातीशी घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. बाळ जन्मण्याआधी माझ्या आईनं हे दोनदा म्हणून दाखवलं होतं तुम्हाला, आठवतं?

दवाखान्याची पिशवी आठवा महिना संपायच्या आत दाराशी तयार हवी, हाही तुमचाच आग्रह. कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत. बाळाचं गाठोडं वेगळं, त्यात लहान डायपरचं एकच पाकीट, पहिली काळी चिकट शी आणि परतीचा प्रवास यांपुरतं. आणि माझ्यासाठी? खरं सांगते, माझ्या यादीत मी स्वतःसाठी एकही ओळ लिहिली नव्हती आणि घरात कुणालाही ते सुचलं नाही. मोठे सॅनिटरी पॅड, सुती अंतर्वस्त्रं, पुढून उघडणारे दोन गाऊन, शाल, कानाला बांधायला स्कार्फ, पाण्याची बाटली, खजूर आणि अळिवाचे लाडू हे तुम्ही मला लिहायला लावलंत. बाळंतपणाच्या तयारीत बाईसुद्धा मोजायची असते, असं त्या वेळी मला वाटून गेलं आणि गळा दाटून आला.

ते पुढून उघडणारे गाऊन किती कामी येणार आहेत ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं! बाळ आलं ते २३०० ग्रॅमचं. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे तुमच्याकडून ऐकलेलं होतं, त्यामुळे घाबरले तरी हातपाय गळले नाहीत. सिस्टरांनी बाळाला फक्त टोपडं, लंगोट आणि मोजे घालून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गाऊन आणि शाल. त्या शालीत आम्ही दोघं तासन् तास पडून असायचो. घरी आल्यावर हीच कांगारू पद्धत बाळाच्या वडिलांनाही तुम्ही शिकवलीत. आमच्या ओसरीवर एखादा जावई बाळाला छातीशी बांधून बसलेला त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

आजीनं चांदीचं बोंडलं जपून ठेवलं होतं, आईलाही त्यातूनच दूध पाजलेलं. तुम्ही ते हातात घेऊन कौतुकानं पाहिलंत आणि म्हणालात, याची नळी आतून घासता येत नाही, बारशाला बाळाजवळ ठेवू या. बाळाला ओढून प्यायला ताकद पुरत नव्हती त्या दिवसांत काढलेलं दूध आम्ही उकळलेल्या स्टीलच्या वाटी-चमच्यानंच पाजलं. बाटली घरात आलीच नाही. बाटल्यांची आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. पहिल्या तासात चीक पाजायचा, पुढे सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. दूध पुरतं की नाही या काळजीनं रडकुंडीला यायचे तेव्हा तुम्ही लंगोट मोजायला सांगायचात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा वेळा किंवा जास्त शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. पंचवीस लंगोट का शिवले ते तेव्हा उमगलं.

न घेतलेल्या वस्तूंबद्दलही आभार मानायचे आहेत. पावडर श्वासात जाते, म्हणून नाही. काजळ नाही. मध नाही, तो वर्षाच्या आत देऊच नये. नाळेवर तेल, हळद, राख काही नाही, कोरडी ठेवली की ती आपोआप गळते. मोहरीची उशी शिवायला काढली होती, तीही राहिली. सपाट अंथरुणावर, पाठीवर, तोंडाजवळ काही मऊ न ठेवता निजवायचं. खेळण्यांचं तर बोलायलाच नको, पहिले दोन महिने बाळ आईचाच चेहरा बघतं.

बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही येणार, हे सरकारी वेळापत्रकात लिहिलेलं आहे. बाळ लहान म्हणून तुम्ही मधेही येत राहिलात, धुक्यात, स्कूटीवरून. दर वेळी आधी हात धुवायचात, मग बाळाला स्पर्श. वजन, तापमान, श्वास मोजणं, त्वचा पिवळी दिसते का ते उजेडात बघणं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, याची आठवणही तुम्हीच केलीत.

या घरभेटींचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पुढे २०११पासून देशभरातल्या आशांकडे हे काम आलं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा सन्मान केला. असं काम करणाऱ्या बाईला एका बाळाच्या बेचाळीस दिवसांच्या सगळ्या भेटींसाठी मिळतात २५० रुपये, असं कळलं त्या दिवशी मला फार राग आला. एका बाळाच्या लोशनच्या संचालाही याहून जास्त पैसे पडतात. तुम्हाला पगार हवा, भत्ता नको, आणि तुम्ही त्यासाठी रस्त्यावर बसाल तेव्हा आमच्या घरातली माणसं तुमच्याबरोबर असतील.

बाळाला आता लहान झालेली झबली, टोपडी आणि दुपटी आईनं गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवून ठेवली आहेत. वस्तीवर ऊसतोडीहून परत आलेल्या कुटुंबातली सून आठव्या महिन्यात आहे असं तुम्ही म्हणाला होतात. गाठोडं तिच्यासाठी घेऊन जा. मेणकापड फाटलं होतं म्हणून नवं घातलं आहे, थर्मामीटरही नवा आहे, आणि तिच्या मापाचे पुढून उघडणारे दोन गाऊन आई शिवते आहे. गुरुवारपर्यंत होतील.

तुमची,
वस्तीवरची लेक