बाबा, सर्व्हे भरा, पण पैसे भरू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा लगेच “घे, आईशी बोल” म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहायला बसले. आई, पत्र आधी त्यांच्या हातात दे. तुझं नंतर.

बाबा, तुम्ही मोबाईलवर सर्व्हे भरून चार पैसे मिळवताय याला माझी हरकत नाही. माझा पगारच मुळी लोकांनी भरलेल्या सर्व्हेंवर निघतो, मी कुठल्या तोंडाने नको म्हणू? पण पलीकडच्या बाजूला काय चालतं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

समजा, साबणाच्या कंपनीला नवा वास आणायचाय. ती आमच्याकडे येते आणि सांगते, हजार माणसांना विचारा. त्यात इतक्या बायका, इतके पुरुष, इतके तिशीतले, इतके मोठ्या शहरातले. याला आमच्यात कोटा म्हणतात. उत्तरं देणारी माणसं पुरवणाऱ्या पॅनल कंपन्या वेगळ्या असतात, आणि तुम्ही नाव नोंदवलंय ते ॲप म्हणजे असंच एक पॅनल. आता आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना हवी असतात पंचवीस ते पंचेचाळिशीतली, मुंबई-पुण्यातली माणसं. तुम्ही साठी ओलांडलेले, त्यात कराडचे. म्हणून सात-आठ प्रश्न झाले की “क्षमस्व, आपण या सर्व्हेसाठी पात्र नाही” असं येतं. त्यावर तुम्ही फोन गादीवर आपटता असं आई सांगत होती. आपटू नका. तुमचं उत्तर चुकलेलं नसतं, फक्त तुमच्या वयाची माणसं त्यांना नको असतात किंवा पुरेशी मिळालेली असतात. (हे आधी वय विचारूनच सांगायला हवं, सात प्रश्नांनंतर नाही. यावर मी ऑफिसात भांडते, पण माझं कोण ऐकतंय.)

घरात पंखा किती, गॅस आहे का, फ्रीज आहे का, शेती आहे का, असं विचारतात म्हणून तुम्हाला संशय आला होता ना? तो प्रश्न खरा आहे. अकरा वस्तूंची एक यादी असते, शेतजमीनसुद्धा तिच्यात येते. त्यातल्या किती वस्तू घरात आहेत आणि मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती, यावरून घर कुठल्या वर्गातलं ते ठरवायची पद्धत आमच्या धंद्यात २०११ पासून रुळलीय. तिथे खुशाल खरं लिहा. मधेच “इथे ‘अजिबात पटत नाही’ हाच पर्याय निवडा” असं येतं, तेही खरंच. माणूस वाचतोय की नुसता बोट दाबत सुटलाय, ते बघायला टाकलेलं असतं. खरं सांगू, तुमच्यासारखं चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचणारं माणूस आम्हाला सोन्यासारखं वाटतं.

पण भाव सोन्याचा नाही. वीस मिनिटांच्या सर्व्हेला तीसेक रुपये म्हणजे बरे म्हणायचे, तेही पॉइंटांत, आणि ठरावीक पॉइंट साठल्याशिवाय हातात काही नाही. गूगलच्या ओपिनियन रिवॉर्ड्स या सर्व्हेच्या ॲपचं तुम्ही विचारलं होतंत. तुमच्या फोनवर त्यात जे जमतं ते प्ले स्टोअरमध्येच खर्च होतं, त्यात वाण्याची उधारी भागत नाही. रिचार्ज सुटला तर सुटला, एवढंच धरून चाला.

आता तुमच्या फिरायला येणाऱ्या मित्रांनी जोडून दिलेल्या टेलिग्राम ग्रुपचं. तो सर्व्हेचा ग्रुपच नाही. हॉटेलला पाच तारे द्या, व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये घ्या. आणि दीडशे खरोखर जमा होतात! गळ तोच आहे. मग “प्रीपेड टास्क” येतो: हजार भरा, तेराशे घ्या. तेही देतात. मग पाच हजार, मग वीस. ॲपमध्ये तुमच्या नावावर आकडा फुगलेला दिसतो, पण काढायला गेलं की आधी “टॅक्स” भरा, खातं “अनफ्रीज” करायला भरा. ग्रुपमध्ये “सर, पेमेंट आलं” म्हणून फोटो टाकणारे सगळे त्यांचेच. ते दीडशेही बऱ्याचदा दुसऱ्या कुणाला फसवून आणलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली की पोलीस तो पैसा जिथे-जिथे गेला ती खाती गोठवायला सांगतात. म्हणजे आपण एक रुपया न गमावताही आपलं खातं अडकू शकतं.

कुठलीही खरी सर्व्हे कंपनी तुमच्याकडून पैसे घेत नाही. नोंदणीलाही नाही, टास्कलाही नाही. आणि पैसे येताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

आई, आता तुझं काम. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं तिमाही व्याज ज्या खात्यात येतं त्यालाच बाबांचं यूपीआय जोडलंय. ते काढायला लाव. दुसऱ्या बँकेत एक साधं खातं उघडा, त्यात दोन-तीन हजारच ठेवा आणि यूपीआय त्याला जोडा. फ्रीजवर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून चिकटव. काही गडबड झाली तर आधी तिथे फोन, मग मला. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळवलं तर ते अडवता येतात.

बाबा, एक विचारते, रागावू नका. एसटीत एवढी वर्षं गेली आणि ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची, पेन्शन काय येते ते मला माहीत आहे. २०१४ साली सरकारने किमान हजार रुपये ठरवले, त्यावर तुम्ही काढलेले उद्गार अजून आठवतात. मी पाठवते ते आईच्या हातात जातात, आणि तुम्हाला स्वतःचे, न मागता खर्च करता येतील असे हवेत, हो ना? मग स्टँडमागच्या गॅरेजवाल्याला हो म्हणा की. डिझेल इंजिन नुसतं ऐकून दोष सांगणारा माणूस त्याला हवाय, आणि तो तासाचे जे देईल ते ॲपवाले आठवड्याचे देणार नाहीत. फक्त गाडीखाली झोपायचं नाही, ते पोरांना करू दे.

टेलिग्रामचा तो ग्रुप सोडायच्या आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट मला पाठवा. मित्रांनी किती भरलेत तेही हळूच विचारा. त्यांचे गेले असतील तर तक्रार मी इथून ऑनलाइन भरून देईन, त्यांना फक्त बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवायला सांगा.

तुमची,
मनू